नाडा, चाक आणि मोटार : नांदेड-लातूर भागातील पाणी-उपशाचा इतिहास

खोल जागी असलेले ओझे दोराने वर आणण्यासाठी माणसाने जी साधने घडविली, त्यांत आडवा रूळ किंवा चाक, त्यावरून जाणारा दोर आणि तो दोर ओढणारी शक्ती हे तीन घटक सर्वत्र आढळतात. जहाजाचा नांगर उचलणारे यंत्र असो किंवा आडावरचा रहाट असो, त्यांची मूळ रचना एकच आहे. विसाव्या शतकात या रचनेतील शक्ती बदलली. छोट्या शिडाच्या नौकांवर नांगराची साखळी हातांनी ओढणाऱ्या खलाशाचे काम बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीकडे गेले आणि मराठवाड्यातील काळ्या पाषाणात खोदलेल्या विहिरींवर बैलजोडीचे काम आधी तेलाच्या इंजिनाकडे व नंतर विजेच्या मोटारीकडे गेले. नांदेड आणि लातूर हे जिल्हे समुद्रापासून दूर असले तरी या बदलाचे परिणाम तेथे किनाऱ्यापेक्षा कितीतरी दूरगामी ठरले, कारण नौकेवर मोटार कितीही बलवान बसविली तरी नांगराचे वजन तेवढेच राहते, विहिरीवर मात्र ओढणारी शक्ती वाढली की ओढल्या जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढते, पाण्याची पातळी खाली जाते आणि त्या खोलीतून पाणी काढण्यासाठी आणखी शक्ती लागते. या भागातील पाणी-उपशाचा गेल्या शतकाचा इतिहास बहुतांशी या साखळीचा इतिहास आहे.

या साखळीचे मूळ जमिनीखालच्या खडकात आहे. संपूर्ण लातूर जिल्हा आणि नांदेड जिल्ह्याचा बराच पश्चिम भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर, म्हणजे प्राचीन ज्वालामुखीच्या लाव्हारसाच्या थरांवर, वसलेला आहे. नांदेडच्या पूर्वेकडे देगलूर-बिलोलीच्या बाजूस ग्रॅनाइटी खडक लागतो. हे दोन्ही खडक स्वभावतः कठीण असून त्यांच्या अंगात वाळूसारखे पाणी साठत नाही. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधील सांध्यांत, ज्यांना विहीर खोदणारे 'झरा' म्हणतात. विहिरीतून पाणी उपसल्यावर ते झऱ्यांतून हळूहळू पुन्हा भरते. सकाळी रिकामी झालेली विहीर दुसऱ्या दिवशीपर्यंत कितपत भरते यावरून शेतकरी तिची योग्यता ठरवीत आले आहेत.

पाणी वर आणण्याऐवजी माणसानेच पाण्यापर्यंत उतरावे, ही या प्रदेशातील एक जुनी रीत होती आणि पायऱ्यांच्या विहिरी, म्हणजे बारवा, तिच्या साक्षीदार आहेत. परभणी जिल्ह्यातील वालूर येथील सर्पिल पायऱ्यांची वर्तुळाकार बारव हे तिचे विलक्षण उदाहरण आहे. बारवेतून पिण्याचे व पूजेचे पाणी कळशीने नेता येत असे, परंतु शेत भिजविण्याइतके पाणी डोक्यावरून नेणे शक्य नव्हते. शेतीसाठी यंत्र लागले आणि त्याच्या खुणाही जुन्या आहेत. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या, माहाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती'मध्ये रहाटाच्या घटांचा उल्लेख येतो. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाबराने आपल्या आत्मचरित्रात उत्तर हिंदुस्थानातील दोन पद्धतींची नोंद केली आहे: लाहोर-दीपालपूरकडे घटांची माळ असलेला रहाट, तर आग्रा-बयाना भागात दोराला बांधलेली मोठी मोट बैलाकडून ओढून घेणे. बैलाच्या शेणामुताने माखलेला दोर पुन्हा विहिरीत जातो, म्हणून ही दुसरी पद्धत त्याला अस्वच्छ वाटली. दख्खनच्या शेतीत मात्र प्राबल्य मोटेचेच राहिले, कारण येथील विहिरींच्या खोलीला आणि पातळीतील मोठ्या चढउतारांना ती अधिक मानवली. पाणी चार हात खाली गेले तर नाडा लांब करणे पुरे होत असे, घटमाळेचे तसे नव्हते.

मोटेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. तिच्या वरच्या तोंडाला लोखंडी कडे आणि खालच्या अंगाला कातड्याचीच लांब नळी, जिला सोंड म्हणतात. तोंडाच्या कड्याला नाडा, म्हणजे जाड दोर, बांधलेला असतो आणि तो विहिरीच्या काठावर उंच बसविलेल्या चाकावरून बैलांच्या जुवाकडे जातो. सोंडेच्या टोकाला बांधलेली पातळ दोरी, सोंदूर, ही चाकाखालच्या आडव्या रुळावरून, कण्यावरून, जाते. मोट वर येत असताना सोंदुरामुळे सोंडेचे टोक तोंडाच्या पातळीपर्यंत वर धरलेले राहते आणि पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली की नाडा तिचे तोंड चाकाकडे उचलत राहतो, पण सोंदूर आखूड असल्यामुळे सोंड कण्यावरून बाहेर ओढली जाते आणि सगळे पाणी दगडी कुंडात, म्हणजे थारोळ्यात, आपोआप रिकामे होते. थारोळ्यातून ते पाटाने वाफ्यांकडे वाहते. काठावर मोट ओतण्यासाठी वेगळा माणूस लागत नाही, हे या युक्तीचे मोठे यश होते. बैलांच्या चालण्यासाठी विहिरीपासून दूर उतरत जाणारा मार्ग, धाव, केलेला असे, जेणेकरून ओढताना बैल उताराला लागतील आणि त्यांच्या अंगाचे वजनही ओढीला मिळेल. मोटकरी याच हेतूने ताणलेल्या नाड्यावर बसून खाली जाई आणि मोट रिकामी होताच बैलांना मागे सरकवत वर आणी. मोठ्या विहिरीवर अशा दोन किंवा चार मोटा एकाच वेळी चालत; साताऱ्याजवळील लिंब येथील अठराव्या शतकातील बारा मोटांची विहीर हे या बांधकामाचे सर्वांत भव्य रूप होय. मोटेवर म्हणावयाची गाणी स्वतंत्र होती आणि सावता माळ्याच्या अभंगांत तर मळ्याची सगळी सामग्री विठ्ठलाच्या रूपात येते, यावरून हे यंत्र कृषिजीवनात किती खोलवर रुजले होते ते ध्यानात येते.

या यंत्रामागे गावातील अनेक हातांचे श्रम होते. मेलेल्या जनावराचे कातडे कमावणारे ढोर समाजातील कारागीर, मोट शिवणारे व तिला वंगण देऊन मऊ ठेवणारे चर्मकार, अंबाडी व घायपाताच्या वाखापासून नाडा वळणारे मातंग, चाक घडविणारे सुतार, कडे घालणारे लोहार आणि विहीर खोदणारे वडार, एवढ्या सगळ्यांचे कसब एका मोटेत एकवटलेले असे आणि त्याचा मोबदला बहुधा बलुत्याच्या रूपाने, म्हणजे सुगीला मिळणाऱ्या धान्याच्या वाट्याने, दिला जाई. यांतील ज्यांच्या हातांनी मोट शिवली आणि नाडा वळला, त्यांनाच त्या विहिरीचे पाणी स्वतः काढून घेण्याची मनाई होती. त्यांनी केलेले कातडे रोज त्या पाण्यात बुडत असे, पण त्यांचा हात पाण्याला लागलेला चालत नसे. मोटेच्या काळाविषयी हळव्या सुरात लिहिताना हे वास्तव अनेकदा वगळले जाते आणि तसे वगळणे हा इतिहासाशी केलेला अन्याय आहे.

मोटेची क्षमता साध्या हिशोबाने कळते. १५० लिटरची एक मोट १० मीटर खोलीतून मिनिटाला एकदा वर आली असे धरले, तर तासाला ९,००० लिटर पाणी मिळते. कृषी अभियांत्रिकीत एक बैलजोडी साधारण १ अश्वशक्तीची मानतात आणि घर्षण व परतीचा वेळ वजा जाता हा हिशोब तिच्या आवाक्यातला आहे. त्याच खोलीतून ५ अश्वशक्तीचा पंप निम्म्या कार्यक्षमतेने चालला तरी तासाला सुमारे ६८,००० लिटर, म्हणजे सात पटींहून अधिक, पाणी काढतो. शिवाय बैल थकतात, त्यांना दुपारी सोडावे लागते, वैरण-पाणी द्यावे लागते. त्या विश्रांतीच्या तासांत झरे विहीर भरीत असत. अशा रीतीने उपसा आणि झिरप यांचा मेळ कोणत्याही कायद्याविना बैलांच्या दमाने राखला जाई. त्याची किंमत बैलांच्या आणि माणसांच्या कष्टांनी चुकविली जात असे, आणि ती किंमत फार मोठी होती. म्हणून संधी मिळताच शेतकऱ्याने मोट सोडली, यात त्याचे काहीच चुकले नाही.

हैदराबाद संस्थानाच्या काळात सरकारी पाटबंधाऱ्यांचा ओघ प्रामुख्याने तेलंगणाकडे राहिला. लातूर भागातून वाहणाऱ्या मांजरा नदीवर १९३१ मध्ये पूर्ण झालेला निजामसागर हा प्रकल्प नवाब अली नवाज जंग यांच्या अभियांत्रिकी कौशल्याचा नमुना मानला जातो, परंतु त्याचे पाणी निजामाबादच्या भातशेतीसाठी होते. वरच्या अंगाच्या मराठी मुलखाला विहिरी आणि पाऊस यांवरच भागवावे लागले. यंत्रे येण्याची वाट मात्र याच काळात तयार झाली. बार्शी लाइट रेल्वे ही नॅरोगेज लाइन १९११ मध्ये लातूरपर्यंत आली आणि पुढे १९२७ मध्ये तिची दुसरी बाजू मिरजेला पोहोचली. या लाइनीने लातूरची बाजारपेठ पश्चिम महाराष्ट्राच्या कारखानदारीशी जोडली गेली. किर्लोस्करवाडीत १९१० पासून शेतीची अवजारे आणि पुढे पंप तयार होत होते, तर १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरच्या दशकांत विहिरीच्या काठावर ठोके देणारे डिझेल इंजिन हे सधन शेतकऱ्याचे लक्षण बनले.

इंजिनाने बैलांना मोकळे केले, पण त्याच्याबरोबर आलेल्या पंपाला निसर्गाची एक अट होती. काठावरचा पंप स्वतः पाणी वर ओढत नाही. तो नळीत पोकळी निर्माण करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब पाण्याचा सुमारे १० मीटर उंचीचाच स्तंभ पेलू शकतो आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे पंप पाणी सोडून देतो. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की विहिरीच्या आत कपारीत किंवा लोखंडी गर्डरवर ओटा करून सगळे यंत्र खाली उतरवावे लागे आणि पावसाळ्यापूर्वी पुन्हा वर काढावे लागे. यासाठी तिपाई, कप्पी, साखळी आणि गावातील आठ-दहा धट्टीकट्टी माणसे लागत. नाडा आणि चाक विहिरीवरून गेले नव्हते. आता त्यांवरून पाण्याऐवजी पाणी काढणारे यंत्र खालीवर होऊ लागले होते.

१९७२ च्या दुष्काळाने या इतिहासाला निर्णायक वळण दिले. रोजगार हमी योजना, जिला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले, आणि पुढील विहीर योजनांमुळे खोदाईचे काम अखंड चालू राहिले, आणि त्या कामासाठी विहिरीवर एक नवे ओढयंत्र आले. त्याला कुठे यारी म्हणतात तर बहुतेक ठिकाणी सरळ क्रेन. लोखंडी सांगाड्यावर एक पिंप, त्यावर गुंडाळलेली तारेची दोरी, ती फिरविणारे इंजिन किंवा विजेची मोटार, सुटे करण्यासाठी क्लच आणि थांबविण्यासाठी ब्रेक. दोरीच्या टोकाच्या बादलीतून सुरुंगाने फुटलेला दगड-मुरूम वर येतो आणि बहुधा त्याच बादलीत बसून मजूर खाली उतरतात. नौकेवरील विजेचे नांगरयंत्र याच जातीचे आहे, परंतु खलाशांचा एक शिरस्ता येथे सांगण्याजोगा आहे: नांगर टाकून झाल्यावर साखळीचा ताण ते यंत्रावर ठेवीत नाहीत, वेगळ्या भक्कम खुंट्यावर घेतात, कारण यंत्राचा ब्रेक सतत ओझे पेलण्यासाठी बनविलेला नसतो. विहिरीवरच्या बादलीला असा दुसरा आधार नसतो आणि ब्रेक किंवा तार तुटून खोदकाम करणाऱ्या मजुरांचे जीव गेल्याच्या घटना मराठवाड्यात वारंवार घडत आल्या आहेत. एक जादा सुरक्षा-दोर एवढा साधा उपाय असताना तो सक्तीचा होऊ नये, ही गोष्ट क्षम्य नाही.

दुष्काळाच्या याच सुमारास कूपनलिकांचे, म्हणजे बोअरचे, युग सुरू झाले. कठीण खडक हवेच्या दाबाने फोडणारे खोदयंत्र आले तसा त्या अरुंद भोकातून पाणी काढणाऱ्या मजबूत हातपंपाचा प्रश्न उभा राहिला आणि त्याचे पहिले समाधानकारक उत्तर मराठवाड्यातच मिळाले: जालना येथील चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनच्या जलकार्यातून 'जालना पंप' घडला, त्यापुढे सोलापूर येथे तो आणखी सुधारला आणि त्या आराखड्यावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने 'इंडिया मार्क दोन' हा पंप तयार झाला, जो पुढे आशिया व आफ्रिकेतील असंख्य गावांत पोहोचला. दुष्काळी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या या मुलखाने जगाला दिलेल्या या देणगीची आठवण मराठवाड्याच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे असायला हवी.

विजेचा खरा विस्तार २० जून १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या काळात झाला; १९७१ पासून परळी वैजनाथ येथे औष्णिक वीज तयार होऊ लागल्याने मराठवाड्याला जवळचा स्रोत मिळाला. मोटार बसविणे हे यंत्राइतकेच तारेचे काम आहे. छोट्या नौकेवर १२ व्होल्टच्या बॅटरीवर १,००० वॉटचे नांगरयंत्र चालविले तर ८० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो, म्हणून बॅटरीपासून नाळेपर्यंत अंगठ्याएवढी जाड तार न्यावी लागते, अन्यथा वाटेतच दाब पडतो आणि मोटार तापते. शेतातील ५ अश्वशक्तीच्या थ्री-फेज मोटारीला सात-आठ अँपिअर पुरतात, पण तिची तार डीपीपासून, म्हणजे शिवारातील रोहित्रापासून, शेकडो मीटर धावते आणि त्याच डीपीवर मंजुरीपेक्षा जास्त मोटारी लागलेल्या असतात. दाब कमी झाला की मोटार तेवढेच काम करण्यासाठी अधिक प्रवाह ओढते आणि तिचे वेटोळे जळते. एक फेज गेला तरी हेच होते. त्यामुळे नांदेड, लातूर, उदगीर, अहमदपूर अशा प्रत्येक बाजारगावात मोटारी 'भरून' देणारी, म्हणजे जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळणारी दुकाने उभी राहिली. बलुत्याच्या व्यवस्थेत मोटेची डागडुजी गावातच होत असे. मोटारीची दुरुस्ती तालुक्याला गेली आणि ती रोखीची झाली.

एकाच ठिकाणी सर्वांत मोठा उपसा उभा राहिला तो नांदेडजवळ. गोदावरीचे पात्र येथे दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा बरेच खोल आहे आणि उंच धरण बांधून पाणी आपोआप कालव्यात चढवायचे तर सुपीक जमीन व वस्ती बुडाली असती. म्हणून नदीतच दरवाजांचा बंधारा घालून पाणी तिच्या काठांमध्ये साठवावे आणि तेथून विजेच्या पंपांनी उंचावरच्या कालव्यात टाकावे, असा मार्ग निवडण्यात आला; पाटबंधारे मंत्री व पुढे दोनदा मुख्यमंत्री झालेल्या शंकरराव चव्हाण यांच्या पाठपुराव्याने साकारलेला हा विष्णुपुरी प्रकल्प आशियातील मोठ्या उपसा सिंचन योजनांत गणला जातो. १८ दरवाजे असलेल्या या बंधाऱ्याच्या शंकर सागर जलाशयावर नांदेड शहराचे पिण्याचे पाणीही अवलंबून आहे. त्याच नदीवरून सचखंड गुरुद्वारात रोज गागरीने पाणी नेण्याची सेवा शीख परंपरेने आजही चालू ठेवली आहे, आणि एका शहरात खांद्यावरची गागर व प्रचंड पंपगृह ही दोन टोके सुखाने एकत्र नांदतात.

लातूरकडे असा मोठा प्रवाह नव्हता. तेथे पाणबुडी पंप, म्हणजे मोटारीसह पाण्यात बुडून राहणारा लांबट पंप, आला आणि हवेच्या दाबाची सहा-सात मीटरची अटच संपली. हा पंप पाणी खालून वर ढकलतो, त्यामुळे खोलीला मर्यादा उरली ती केवळ नळाच्या आणि तारेच्या लांबीची. उसाचे क्षेत्र वाढले, विहिरींच्या जागी शेकडो फूट खोल बोअर आले आणि खडकातील भेगांचे पाणी भरण्याच्या वेगापेक्षा काढण्याचा वेग पुढे गेला. मांजरा धरण कोरडे पडलेल्या २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लागू करावी लागली आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून १० टाक्यांची पहिली जलदूत रेल्वे सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. पुढे ५० टाक्यांची गाडी धावू लागली. बार्शी लाइट रेल्वेच्या जुन्या मार्गानेच, आता रुंद झालेल्या रुळांवरून, कृष्णेचे पाणी आले, स्थानकाजवळच्या एका विहिरीत उतरविण्यात आले आणि तेथून मोटारींनी शुद्धीकरण केंद्राकडे नेण्यात आले.

राज्याने १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर निर्बंध घातले होते आणि २००९ च्या कायद्याने ६० मीटरहून खोल विहिरीला 'खोल विहीर' ठरवून तिच्यावर नियंत्रणाची तरतूद केली, परंतु रात्रीतून होणाऱ्या बोअरची खोली मोजण्यास कोणी हजर नसते. २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीजबिल माफ झाले आणि सौर पंपांची योजनाही वेगाने पसरू लागली. सौर पंपामुळे शेतकऱ्याला रात्रीच्या विजेची वाट पाहत अंधारात साप-विंचवांतून जावे लागत नाही, ही मोठी सुटका आहे, पण त्याचबरोबर उपशाच्या खर्चाची उरलीसुरली अडही गेली आहे.

दोर आणि चाक मात्र अजूनही कामात आहेत. बोअरमधील मोटार जळाली की ट्रॅक्टरवर किंवा जीपवर तिपाई व पिंप बसविलेली गाडी बोलावतात; लोखंडी नळ असेल तर एकेक नळ वर येताच त्याला कपलिंगखाली क्लॅम्प आवळायचा, वरचा नळ फिरवून सोडवायचा, दोरी पुन्हा खालच्या नळाला लावायची, आणि हे करताना नळाला बांधलेली विजेची केबल कुठे घासून कापली जाणार नाही याकडे एकाने सतत लक्ष ठेवायचे. क्लॅम्प निसटला तर नळ, केबल आणि मोटार सगळेच तळाला जाते आणि ते काढण्यासाठी आकडे टाकून दिवसेंदिवस धडपडावे लागते. काही बोअर याच कारणाने कायमचे सोडून द्यावे लागतात. प्लॅस्टिकची अखंड नळी आल्यापासून हे काम थोडे सोपे झाले आहे, तरी जितकी खोली जास्त तितके नळ, पाणी आणि मोटार मिळून होणारे वजन जास्त, या हिशोबाने गाडीवाले आपले दर ठरवितात.